पाच वार कोरं कापड

धामणगाव बढे
मार्गशीर्ष वद्य चतुर्थी, शके १८५५

चि. इंद्रभानास सोजराचे आशीर्वाद.

दचकू नकोस, माय जिवंत आहे. घरचं पत्र आलं की तू आधी शेवटची ओळ वाचतोस हे मला ठाऊक आहे. शाळेत धड्यांचंही तसंच करायचास. म्हणून ही बातमी वरच घातली. आता सावकाश वाच.

मायच्या अंगावरून वारं गेलं त्याला येत्या पौषात तीन वर्षं होतील. उजवा हात आणि पाय गेला तो गेलाच. जीभ थोडी सुटली आहे, तीन-चार शब्द जोडून बोलते. तुझं नाव अगदी स्वच्छ येतं. माझ्या नावातलं ‘सो’ येतं आणि पुढचं ओठातच राहतं. मी तेवढ्यावर ओ देते.

पत्राचं कारण वाकळ. दिवाळीपासून तिनं ध्यास घेतला आहे की तिच्या हयातीत एक वाकळ व्हावी, सगळ्या घराची. हात माझे, हुकूम तिचा. पेटीतलं एकेक कापड काढून तिच्यापुढे धरायचं, तिनं डाव्या हाताचं बोट लावायचं, मग मी कापायचं. चारी कडांना बाबांचा तांबडा पटका लागला. त्याच्या आत आजीचं इरकली लुगडं, मग मायची दोन. मानमोडीच्या साथीत गेलेल्या आपल्या धाकट्या अर्जुनाची कुंची निघाली तेव्हा तिनं ती अर्धा दिवस गालाशी धरली होती. शेवटी हातातून सोडवून घ्यावी लागली. तिचा तुकडा मी बाबांच्या पटक्याला लागून घातला आहे.

वाकळ कडेकडून शिवत आत येते हे तुला आठवत असेल. मधली जागा शेवटी भरायची. मायच्या माहेरची रीत अशी की मधला तुकडा पोटच्या लेकराच्या अंगावरचा लागतो. तिला तिथं तुझा हवा आहे. मी म्हटलं, “माय, माह्या लुगड्याचा लावू का? म्या बी तुह्याच पोटची आहो.” तर हसली आणि म्हणाली, “तू तं हायेस ना वं इथंच.”

तेव्हा एखादं जुनं धोतर, बंडी, काहीही पाठव. अंगावर वापरून मऊ झालेलं पाहिजे. स्वतः घेऊन आलास तर कोणी दार लावून घेणार नाही.

सोजरा


पौष शुद्ध द्वादशी

चि. इंद्रभानास आशीर्वाद.

तुझं कार्ड पोचलं. चार ओळी लिहिल्यास, त्यातल्या दोन खामगावच्या थंडीवर. इथंही थंडीच आहे रे, हिवाळा तिकडे आणि उन्हाळा इकडे असं काही नागपूरच्या सरकारनं ठरवून दिलेलं नाही.

तू लिहितोस, “कापडाच्या पेढीवर बसणाऱ्या माणसानं फाटकं धोतर पार्सल करावं हे बरं दिसत नाही, मामंजी काय म्हणतील.” नारायणरावांना माझा नमस्कार सांग आणि म्हणावं, तुमच्या जावयाला ज्या माउलीनं वाढवलं तिला त्याच्या अंगाचा वास पाहिजे आहे, ताग्याचा नको. घरजावई झालास त्याबद्दल मायनं कधी तुला शब्द लावला नाही. मी लावला होता. आजही लावते. पण जुनं धोतर तरी तुझं तुझ्या हातात आहे की तेही विचारून घ्यावं लागतं?

मला आता राग आवरत नाही. तीन वर्षांपूर्वी तूच लिहिलं होतंस, “बाई, तू महिनाभर जाऊन बस, दुकानाची घडी बसली की मी येतो.” मी महिनाभराची दोन लुगडी घेऊन सासरहून निघाले. त्या महिन्याला अजून अमावास्या आलेली नाही. दुसऱ्या वर्षी वामनरावांनी निरोप धाडला की घरात भाकरी टाकायला बाई पाहिजे, येते की नाही सांग. मी मायचं अंग पुसत होते. निरोप्याला म्हटलं, आठ दिवसांनी सांगते. आठ दिवसांत त्यांनी दुसरी करून घेतली. मी हे तुला कधी लिहिलं नाही, कारण तू विचारलं नाहीस. आता लिहिलं.

तू मध्ये एकदा आला होतास. दोन घटका बसलास, त्यातली एक नाकाला उपरणं लावून. माय तेवढ्यावर वर्षभर जगली. आल्या-गेल्याला सांगायची, “इंदर आला होता, माहा हात धरला त्यानं.” हात कसला धरलास, तिनं तुझं मनगट पकडलं होतं आणि तू सोडवून घेत होतास. मी समोरच उभी होते. दुरून डोंगर साजरे म्हणतात ते खोटं नाही. मी जवळचा डोंगर, माझे काटेच दिसायचे.

वाकळ वीतभर उघडी राहिली आहे. बाकी सगळी भरली. वच्छलाबाई शेजारून येऊन दुसऱ्या टोकानं टाके घालते, म्हणून लवकर झाली. माय रोज मधल्या जागेवर बोट ठेवते आणि दाराकडे पाहते. आता तरी पाठव.

सोजरा


माघ शुद्ध तृतीया

चि. इंद्रभानास आशीर्वाद.

पार्सल पोचलं. पाच वार मादरपाट, पांढरं, कोरं. कापड चांगलं आहे. सोबतची चिठ्ठी वाचली, “चिंध्या कशाला, सगळी वाकळ उलगडून या चांगल्या कापडात नवी शिव.” 

मायला दाखवलं. तिनं ठेवून घेतलं.

तुला सवड काढून यायला जमेल तर बघ. मलकापूरला उतरलास तर चुलत्यांचा हिंमतराव गाडी घेऊन येईल.

सोजरा


माघ वद्य प्रतिपदा

इंद्रभान,

मायनं खाणं सोडलं आहे. पेज भरवायला गेलं की ओठ मिटून घेते. दोन दिवस नुसतं पाणी घेते आहे. दुखतं-खुपतं काही नाही, ताप नाही. वैद्यबुवा नाडी पाहून म्हणाले, म्हातारीच्या मनानं घेतलं आहे. चेहरा शांत आहे. मला तो शांतपणा पाहवत नाही.

लग्नसराई आहे, पेढीवर गर्दी असेल, हे सगळं मला माहीत आहे. तरी हे पत्र मिळेल त्या गाडीनं निघ. जलंबला गाडी बदलायला वेळ लागतो, तेवढाच काय तो उशीर कर. तू समोर बसून “माय, एक घास खाय” म्हणालास तर ती खाईल. माझं ऐकत नाही. माझं तिनं कधीच ऐकलं नाही.

येताना काही आणू नकोस. कापड तर अजिबात नको.

सोजरा


फाल्गुन वद्य पंचमी

इंद्रभान,

दहावं-तेरावं आटोपून तू गेलास त्याला आता पंधरवडा होईल. तुझं पत्र आलं. शोकाचं पत्र असेल म्हणून चुलीपाशी बसून उघडलं, तर फिर्याद निघाली. “तू मला वेळेवर बोलावलं नाहीस. हिंमतरावानं अग्नी दिला, मी असताना. लोकांत माझी मान खाली गेली.”

प्रतिपदेला पत्र टाकलं. ते चतुर्थीला तुझ्या हातात होतं, हे तू तेराव्याला तुझ्या बायकोसमोर, कोकिळेसमोर बोलून गेलास आणि मग जीभ चावलीस. नवमीला माय गेली. चतुर्थी ते नवमी तू काय मोजत होतास, मादरपाट? तार मिळाल्यावर आलास, तो तिसऱ्या दिवशी. हिंमतरावानं अग्नी दिला नसता तर काय मी तिला तुझी वाट पाहत ओसरीवर ठेवली असती? पाच दिवस तू बसून राहिलास आणि वेळेवर बोलावलं नाही म्हणतोस.

तू बाकी जे विचारलं आहेस त्याचं उत्तर आज देत नाही. हात चालत नाही. वाकळ मागू नकोस.

सोजरा


चैत्र वद्य अष्टमी, शके १८५६

इंद्रभान,

तुझं आणखी एक पत्र आलं. यात फिर्याद नाही. अक्षरं फुटली आहेत, दोन ठिकाणी शाई पसरली आहे. लिहिताना रडला असशील तर ते मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

तीन गोष्टी विचारतोस. मायची आठवण म्हणून वाकळ देशील का. तिसऱ्या दिवशी वच्छलाबाई तुझ्या तोंडावरून हात फिरवून म्हणाली, “लेक असावा तं तुह्यासारखा, शेवटचं कापडही आपल्या हातानं धाडलं”, तो टोमणा होता का. आणि माय जाताना काय बोलली.

टोमणा नव्हता. इथूनच सुरुवात करते, कारण बाकीचं सगळं यातून निघतं.

पार्सल आलं त्या दिवशी वच्छलाबाई वाकळेशी बसली होती. माय भिंतीला टेकून. मी सुतळी सोडली, वरचा कागद काढला आणि ते पांढरंशुभ्र कोरं कापड मांडीवर उलगडलं. खळीचा वास आला. वच्छलाबाईच्या तोंडून “अगं बाई!” निघालं आणि तिनं पदर तोंडाला लावला. मला तेव्हाही कळलं नाही, मी तुझ्या चिठ्ठीवर जळत होते. वर पाहिलं तर माय कापडाकडे पाहत होती.

“इंदरनं धाडलं?” 

“हाव,” मी म्हटलं.

वच्छलाबाई मला सावरायला म्हणून पुढे झाली. “वाकयीसाठी असंन मावशी, वाकयीसाठी.”

मायनं मान हलवली. तिला वाकळ शिकवायची होती का कोणी? चाळीस वर्षं तिनं गावाला वाकळा शिवून दिल्या. म्हणाली, “वाकयीत कोरं घालत नाईत. कोरं आटते. टाके तुटतात.” मग थांबून थांबून, “हे माह्यासाठी हाये.”

तू शहरात राहून विसरला असशील, म्हणून उघड लिहिते. आपल्याकडे विधवा बाईला शेवटचं कापड कोरं, पांढरं लागतं, आणि ते लेकाच्या हातचं असावं अशी प्रत्येकीची इच्छा असते. कित्येक म्हाताऱ्या ते जिवंतपणी मागून घेऊन गाठोड्यात बांधून ठेवतात. तू पाच वार पाठवलंस. अंगभर.

तेव्हा मला बोलता आलं असतं. तुझी चिठ्ठी माझ्या हातात होती. “माय, इंदरले काई समजत नाई, त्यानं वाकयीसाठीच धाडलं,” एवढंच म्हणायचं होतं. वच्छलाबाई माझ्या तोंडाकडे पाहत होती, तिला वाटलं मला खरं माहीत असेल. मी चिठ्ठी मुठीत चुरगळली आणि गप्प बसले.

का गप्प बसले ते ऐक. मला वाटलं, आता तरी हिला कळेल. जिवंत आईला लेकानं कफन धाडलं, आता तरी ही तुझ्या नावानं बोटं मोडेल. तीन वर्षं मी तिचं सगळं केलं. तिची घाण काढली, पाठीला जखम होऊ नये म्हणून दिवसातून सहा वेळा कूस बदलली, पेज गाळून भरवली, आणि तीन वर्षं तुझंच नाव ऐकलं. मला तिच्या तोंडून तुझ्याविरुद्ध एक शब्द हवा होता. फक्त एक. तेवढ्यासाठी मी तिला ते समजू दिलं.

आणि तिनं काय केलं माहीत आहे? ती हसली. वाकड्या तोंडानं, पण अशी हसली की वारं गेल्यापासून मी तिला तसं हसताना पाहिलं नव्हतं. कापड डाव्या हातानं ओढून घेतलं, उशाशी ठेवलं. वच्छलाबाईला म्हणाली, “पाह्य वं, माह्या लेकाले माही आठवन हाये.” दुसऱ्या दिवसापासून जी बाई भेटायला येईल तिला ते दाखवायचं. सोजराबाईची, मनकर्णाबाईची, साऱ्या आळीची तारीफ गोळा केली तिनं. सोजराबाई म्हणजे पाटलांची, मी नव्हे. मला कोणी काही म्हणायचं कारणच नव्हतं. मी पाणी आणून देत होते.

माघ पौर्णिमेच्या आदल्या दिवशी तिनं मला ते मोजायला लावलं. “पुरते का पाह्य.” मी तिला सपाट निजवली आणि डोक्यापासून पायापर्यंत ते दुहेरी करून तिच्या अंगावर धरलं, जिवंत बाईच्या अंगावर. पायांखाली हातभर उरलं. तिनं डोळ्यांनीच विचारलं. मी मान हलवली. तेव्हा म्हणाली, “आता कापड आलं. आता काऊन थांबू?” आणि पौर्णिमेला पेज आणली तर ओठ मिटून घेतले.

त्या दिवशी मी सगळं सांगितलं, इंद्रभान. चुरगळलेली चिठ्ठी उघडून तिच्यापुढे वाचली, मोठ्यानं, दोनदा. तिच्या गळ्यात पडून सांगितलं की इंदरनं वाकळेसाठी धाडलं होतं, तुझ्यासाठी नाही, तुला जायला कोणी सांगितलेलं नाही, तू खाय. ती माझ्याकडे पाहत राहिली. मग तोंड फिरवलं आणि म्हणाली, “तुले त्याचं काईच पाह्यवत नाई वं, सो.”

तिनं मला खोटी ठरवली. तीन वर्षांत मी तिच्याशी बोललेलं ते सगळ्यांत खरं होतं आणि तेच तिला माझं जळणं वाटलं. दुसऱ्या दिवशी मी तुला प्रतिपदेचं पत्र लिहिलं. तू येऊन तुझ्या तोंडानं सांगितलं असतंस तर तिनं मानलं असतं, म्हणून हातापाया पडून बोलावलं. तेव्हाही खरं कारण लिहिलं नाही, माझी चूक कबूल करावी लागली असती. लिहिलं असतं तर कदाचित तू निघाला असतास. कदाचित नसतासही. हे दोन्ही मी रोज चघळते.

म्हणजे तिला कोणी मारलं, तू की मी, याचा निवाडा मला करता येत नाही. तू अडाणीपणानं कापड धाडलंस, मी शहाणपणानं गप्प बसले. दोघांत मीच जास्त वाईट. पण तू फार मागे नाहीस.

आता वाकळ. ती मिळणार नाही. तू तेराव्याला पाहिलीस तेव्हा मध्ये उघडी होती. आता भरली आहे. मी सासरहून आणलेल्या दोन लुगड्यांपैकी एक फाडलं आणि त्याचा तुकडा मध्ये लावला. तिला न विचारता लावला, तिनं हो म्हटलं नसतं. टाके वाकडे आले. कोकिळेला सांग, दुकानात पुष्कळ वाकळा मिळतात.

राहिला तिसरा प्रश्न. नवमीला सकाळी तिनं मला जवळ बोलावलं. मला वाटलं, आता माझ्यासाठी काही असेल. तीन वर्षांचा काही एक शब्द. मी कान तिच्या तोंडाशी नेला. एवढं स्पष्ट ती कधी बोलली नव्हती. तो निरोप होता, तुझ्यासाठी. मी तो दोन महिने दाबून ठेवला. तू तिसऱ्या दिवशी ओसरीवर डोकं धरून बसलास तेव्हा ओठांवर आला होता, तरी गिळला. तो एक शब्द तुला मिळाला नाही याचं मला सुख होतं. आता ते सुखही पुरेना, म्हणून लिहिते.

ती म्हणाली, “इंदरले कळव, कापड पुरलं.”

कळवलं.